माशांना घर पाठ असतं

पत्र: आम्ही मे महिन्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतून घोडबंदर रोडला, कासारवडवलीला, चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. दोन फुटी फिश टँक सहा वर्षांपासून आमच्याकडे आहे. दोन एंजल, एक गोरामी, सात विडो टेट्रा आणि एक सकर. शिफ्टिंगच्या दिवशी मासे बादलीत काढले, टाकी घासून काढली, फिल्टरचा स्पंज नळाखाली ब्रशने पांढरा होईपर्यंत धुतला. जुनी खडी आणि दगड काढून नवी निळी खडी, प्लॅस्टिकचा किल्ला आणि मोठा एलईडी लावला. बाथरूमच्या नळाचं पाणी भरून अँटीक्लोरीन टाकलं आणि संध्याकाळीच मासे सोडले. दुसऱ्या दिवसापासून एंजल फिके पडून कोपऱ्यात काचेकडे तोंड करून उभे, टेट्रा फिल्टरमागे एकमेकांना चिकटून. चौथ्या दिवशी एक टेट्रा गेला, सहाव्या दिवशी दुसरा. दुकानदाराने पूर्ण पाणी बदलायला सांगितलं आणि निळं औषध दिलं. तेव्हापासून सगळेच वर येऊन तोंड उघडमिट करतात. सासूबाई म्हणतात, टाकी आग्नेयेला ठेवली म्हणून. माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणते, त्यांना जुनं घर आठवतंय. यांचे हाल बघवत नाहीत. तलावपाळीला सोडून देऊ का? – एक वाचक, ठाणे (पश्चिम)

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला चार ओळींचा निरोप पाठवला होता: निळं औषध थांबवा, पूर्ण पाणी बदलू नका, दोन दिवस खायला घालू नका, टाकीतला दिवा बंद ठेवा. सदर छापून येईपर्यंत माशांना थांबता आलं नसतं. आज त्यामागची कारणं आणि पुढचं सगळं सविस्तर लिहिते. मे महिन्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की अर्ध्या ठाण्याचं शिफ्टिंग सुरू होतं आणि जूनमध्ये मला अशीच पत्रं येतात. त्यामुळे हे उत्तर तुमच्याबरोबर त्यांच्यासाठीही.

आधी तलावपाळी. कृपा करून सोडू नका, तलावपाळीच्या मासुंदा तळ्यात नाही, उपवनच्या तळ्यात नाही, कुठेच नाही. एंजल आणि टेट्रा हे मूळचे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचे, आणि तुमच्याकडचे तर टाकीतच वाढलेले. तळ्यात गेले की बगळा आणि खंड्या त्यांना दोन दिवस टिकू देणार नाहीत. सकरचं उलट आहे. तो फार चांगला जगतो, अंगावर चिलखत असल्यामुळे त्याला सहसा कोणी खात नाही, काठाच्या मातीत बिळं करतो आणि स्थानिक माशांचं खाणं पळवतो. आपल्याकडच्या कितीतरी तळ्यांमध्ये हा मासा कुणीतरी दया येऊन सोडलेल्या टाक्यांमधूनच पोहोचलाय. सांभाळणं अगदीच जमेना, तर मासे पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्या. पण ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका, कारण घरातल्या सगळ्यांमध्ये खऱ्याच्या सगळ्यात जवळ तीच पोहोचलीय.

१९५१ साली, म्हणजे मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं त्याच वर्षी, लेस्टर अ‍ॅरॉन्सन या अमेरिकी संशोधकाने गोबी जातीच्या एका छोट्या समुद्री माशाबद्दल लिहिलं. ओहोटीला हा मासा खडकांमधल्या डबक्यात अडकतो. कुणी डिवचलं की उडी मारतो आणि नेमका शेजारच्या डबक्यात पडतो, जे त्याला आतून दिसतसुद्धा नसतं. हे त्याला जमतं कसं? भरतीच्या वेळी त्याच खडकांवरून पोहताना कुठे खोलगट आहे, कुठे उंचवटा, हे तो मनात धरून ठेवतो. ज्या माशांना असं फिरायला मिळालं नव्हतं, त्यांच्या उड्या चुकायच्या. आणि ज्यांना मिळालं होतं, त्यांना ते चाळीस दिवसांनंतरही लक्षात असल्याचं पुढे दिसून आलं. तुमच्या टेट्रांचा एक भाऊबंद मेक्सिकोतल्या गुहांमध्ये राहतो, त्याला डोळेच नाहीत. अनोळखी जागी तो जोरात पोहतो, कारण वेगाने पोहताना अंगावरून सरकणाऱ्या पाण्याच्या दाबावरून त्याला आजूबाजूच्या वस्तू कळतात. जागा ओळखीची झाली की वेग कमी करतो. ओळखीची जागा मांडणी बदलून पुन्हा अनोळखी केली, की पुन्हा शोधाशोध सुरू.

म्हणजे सहा वर्षं तुमच्या एंजलना कुठला दगड कुठे आहे, फिल्टरची धार कुठून येते, घाबरल्यावर कुठे शिरायचं, हे सगळं पाठ होतं. त्यांना नौपाड्याचं घर आठवत नसेल, पण त्या काचेच्या आतलं घर नक्की आठवत असणार, आणि ते एका दिवसात नाहीसं झालं.

तुमच्या गोरामीला एकदा जवळून बघा. त्याच्या छातीखाली दोन लांब दोऱ्यांसारखे पर असतात. त्यांनी तो स्पर्शही करतो आणि चवही घेतो. नव्या जागी सोडलेला गोरामी हे दोन दोरे पुढे करून एकेका वस्तूला हात लावत जातो, वीज गेल्यावर आपण भिंतीला चाचपडत मेणबत्ती शोधतो तसा. किल्ल्याची कमान, स्पंजची नळी, काचेचा जोड, परत कमान. मी माझ्या टाकीसमोर बसून हे तासभर पाहिलेलं आहे. एकदा पाहिलंत की टाकीची सजावट दर महिन्याला बदलावीशी वाटणार नाही.

पण नुसत्या अनोळखी जागेने मासे मरत नाहीत. ते लपतात, रंग उतरतो, खाणं सोडतात आणि चार-सहा दिवसांत सावरतात. तुमचे टेट्रा गेले ते पाण्यामुळे, आणि त्याचं मूळ त्या पांढऱ्याशुभ्र केलेल्या स्पंजात आहे.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांनाच जाळतो. स्पंजवर, खडीवर, दगडांवर जो तपकिरी बुळबुळीत थर असतो, त्यात जिवाणूंची वस्ती असते. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच निरुपद्रवी असतं. ही वस्ती नव्या टाकीत पुरती उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्याकडे ती सहा वर्षं जुनी, भक्कम होती. जुनी खडी गेली, दगड गेले, स्पंज क्लोरिनच्या पाण्याखाली घासला गेला आणि ती एका दुपारी संपली. मासे मात्र होते तेवढेच. वरून नायट्राइट वाढलं की ते रक्तात शिरतं आणि रक्ताला ऑक्सिजन धरता येत नाही. म्हणून एअर पंपाचे बुडबुडे चालू असतानाही मासा वर येऊन तोंड उघडमिट करतो.

त्यात पाण्याचा प्रकारही बदलला. नौपाड्यात तुमच्याकडे पालिकेचं, धरणाचं, तुलनेनं मऊ पाणी होतं. घोडबंदर रोडच्या बऱ्याच संकुलांमध्ये टँकरचं आणि बोअरिंगचं पाणी मिसळलेलं असतं, ते बहुतेक वेळा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं आणि त्याचा पीएचही (पाणी आम्लाकडे झुकतंय की अल्काकडे, ते सांगणारा आकडा) चढा असतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या अंगात शिरत राहतं. ते तो लघवीवाटे बाहेर टाकत राहतो आणि कल्ल्यांमधून क्षार परत ओढून घेत राहतो. हा जमाखर्च एका ठरावीक पाण्याशी जुळलेला असतो. पाणी हळूहळू बदललं तर मासा जुळवून घेतो, एका संध्याकाळीत बदललं तर त्याचं शरीर कोलमडतं. आणि पीएच चढला की अमोनियाही जास्त विषारी होतो: पीएच ७ असताना पाण्यातल्या अमोनियाचा शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो, ८ ला तोच पाच-सहा भाग होतो. तेवढीच घाण, तेवढेच मासे, पण जाच कितीतरी पट.

दुकानदाराच्या सल्ल्याने याच्यावर आणखी एक पूर्ण बदल झाला. त्यात निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू, जे बुरशीवर चांगलं काम करतं पण स्पंजवर नव्याने धरू लागलेले जिवाणूही मारतं. तुम्ही काळजीपोटीच हे केलंत, म्हणून मी दोष देत नाही. मीही हे केलेलं आहे. २६ जुलै २००५ ला आमच्याकडे वीज गेली, पंप बंद. रात्रभर दर अर्ध्या तासाने मगने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत राहिले, आणि सकाळी माझे सगळे मासे जिवंत होते. मग वीज आली, नळाला गढूळ पाणी आलं, आणि ‘रात्रभर बिचारे किती कोंडले असतील’ असं वाटून मी सगळं पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत एंजलची जोडी गेली. रात्रीच्या अंधारात जे तगले, ते माझ्या घाईने गेले. ते अजूनही मला लागतं.

म्हणून आता काय करायचं ते नीट सांगते.

पाणी बदलायचं आहे, पण रोज फक्त एक बादली. तुमच्या टाकीत साधारण सत्तर लिटर पाणी असेल, बादलीत पंधरा-सोळा. ही बादली आदल्या दिवशी भरून ठेवा, त्यात एअर पंपाची नळी सोडा, चोवीस तासांत मोकळा क्लोरिन बराचसा उडून जातो. तरी अँटीक्लोरीनचे थेंब टाकाच, पावसाळ्यात तर नक्की, तेव्हा नळाच्या पाण्याला तो वास जास्त येतो. पाणी स्वयंपाकघरातल्या नळाचं घ्या. बऱ्याच सोसायट्यांत स्वयंपाकघराला पालिकेची लाइन असते आणि बाथरूमला टँकर-बोअरिंगची. तुमच्याकडे कसं आहे ते सोसायटीच्या ऑफिसात विचारा. दुपारी भरू नका, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे-जूनमध्ये कढत येतं. बादलीतलं आणि टाकीतलं तापमान थर्मामीटरने बघा, एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक नको. ओततानाही मगने, हळूहळू. असं आठ-दहा दिवस करा, मग एक दिवसाआड.

अमोनिया आणि नायट्राइटची टेस्ट किट आणा. नुसत्या डोळ्याने पाणी स्वच्छ दिसणं याला काही अर्थ नाही, विषारी पाणीही आरशासारखं असतं.

आणि जिवाणूंची वस्ती लवकर परत हवी असेल, तर ती उसनी आणता येते. तुमच्या ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा मागा. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, पिशवीत, उन्हातून न नेता, तासाभरात आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. दह्याला विरजण लावतो तसंच आहे हे. पुढे कधीही स्पंज धुवायचा झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. तपकिरी राहू दे.

जुनी खडी टाकून दिली नसेल, कुठे गोणीत असेल, तर ती परत आणा. वाळल्यामुळे तिच्यावरचे जिवाणू गेलेले असतील, पण माशांना ती हवी आहे. नुसत्या पाण्यात धुवा, साबण नको. मासे खालच्या जमिनीच्या रंगाशी आपला रंग जुळवतात. चकचकीत निळ्या खडीवर मोठा एलईडी पडला की प्रकाश खालूनही येतो, आणि तुमचे एंजल फिके दिसतात त्याचं हे एक कारण आहे. विडो टेट्राचे काळे पट्टे भीतीनेही राखाडी होतात, ते वेगळं. सगळी खडी एकदम बदलू नका, आठवड्याला एक हिस्सा. जुने दगड मात्र लगेच ठेवा, शक्यतो पूर्वी होते तिथेच. मुलीला विचारा, तिला नक्की आठवत असेल. शिफ्टिंगच्या आधीचा टाकीचा एखादा फोटोही फोनमध्ये सापडेल.

दिवा आठवडाभर बंद, मग रोज चार तास, मग सहा. माशांना पापण्या नसतात. अंधाऱ्या खोलीत एकदम लख्ख दिवा लावला तर ते काचेवर आपटतात, तेव्हा आधी खोलीतली ट्यूब लावायची, दहा मिनिटांनी टाकीतली.

सासूबाईंच्या श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, पण त्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट आहे जी तुम्ही ऐकायला हवी. आग्नेयेचा कोपरा, चौदावा मजला, समोर अडवायला काही नाही, म्हणजे सकाळचं ऊन थेट टाकीवर येत असणार. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. पण आत्ता टाकी हलवू नका. भरलेली टाकी उचलली तर काच तडकते आणि रिकामी केली तर सगळं पहिल्यापासून. त्या बाजूला जाड पडदा लावा आणि काचेच्या तीन बाजूंना बाहेरून तपकिरी कागद चिकटवा. रात्री बाहेर अंधार आणि आत उजेड असला की माशाला काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. एंजल काचेकडे तोंड करून उभे राहतात ते कधीकधी समोर दुसरा एंजल आहे असं वाटून. कागदाने तेही थांबेल.

आणखी एक, जे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नवी इमारत म्हणजे आजूबाजूच्या फ्लॅटमध्ये दिवसभर ड्रिल चालत असणार. टेट्रा आणि सकर यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते, त्यामुळे त्यांना एंजलपेक्षा पुष्कळ जास्त ऐकू येतं. टेट्रा फिल्टरमागे लपले, यात या आवाजाचा वाटा असू शकतो. ड्रिल तुम्हाला बंद करता येणार नाही, पण टाकीखाली थर्माकोल किंवा रबराची मॅट आहे का ते बघा. नसेल तर पुढे कधी टाकी हलवाल तेव्हा घाला. तोपर्यंत टेट्रांना लपायला जागा द्या, जुने दगड, एखादी मातीची फुटकी कुंडी आडवी. लपायला जागा असली की मासे जास्त बाहेर येतात, हे उलटं वाटेल पण खरं आहे.

जाळी शक्यतो वापरू नका. कातडी खरचटली की टेट्रांच्या अंगातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि बाकीचे सगळे दचकून पळतात. माशांमधली ही गोष्ट पहिल्यांदा कार्ल फॉन फ्रिश यांनी नोंदवली, मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल पुढे १९७३ साली नोबेल मिळालेले तेच. एकाला पकडायला जाळी घातलीत तर पाचही जण घाबरलेले दिसतील.

पाच राहिले म्हणून लगेच दोन नवीन आणू नका. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग दोन आठवडे शून्य आले, की मग.

सुधारतंय की नाही हे ओळखायचं असेल तर रात्री बघा. हॉलमधले दिवे घालवा, पॅसेजमधला एक मंद ठेवा आणि पंधरा मिनिटं न हलता टाकीसमोर बसा. गडबड नुसती जागेची असेल तर अंधारात मासे बाहेर येतात, तळाशी हुंगतात, पर पसरतात. पाण्यात अजून दोष असेल तर अंधारातही कल्ले धडधडत राहतात, पर अंगाला चिकटलेले असतात, कल्ल्यांच्या कडा लाल दिसतात. तसं दिसलं तर दुसऱ्या दिवशी एकाऐवजी दोन बादल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. गोरामीच्या वर येण्याने मात्र घाबरू नका. तो हवेतून श्वास घेतो, अधूनमधून वर येऊन घोट घेणं हे त्याचं नेहमीचंच. काळजी एंजल आणि टेट्रा पृष्ठभागाशी लटकून राहिले तर.

पुढच्या दोन आठवड्यांत अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो परजीवी आहे. ताण आला, प्रतिकारशक्ती खालावली की तो हमखास डोकं वर काढतो. तेव्हा सगळं पाणी न बदलता आधी मला लिहा.

रात्री टाकीसमोर बसायचं काम मुलीला द्या. एक वही द्या, कोण आधी बाहेर आलं, किती वाजता, कुठल्या दगडाशी. माझा अंदाज, सकर पहिला आणि टेट्रा शेवटी. आणि ज्या दिवशी मोठा एंजल त्या जुन्या दगडामागून गोरामीला हुसकावून लावेल, त्या दिवशी तारखेसकट मला कळवा.